भिडेचा घास

केक टेबलावर होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मैत्रिणीने तो माझ्यासाठी केला होता, फक्त माझ्यासाठी. मला गहू आणि दूध बाधतं, म्हणून आठ दिवस आधीपासून तिचे फोन चालले होते. तांदळाचं पीठ चालतं ना? बदामाची पूड? लोण्याऐवजी तेल घालते, पण नारळाच्या दुधात खरं दूध नसतं ना? बेकिंग पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दाखवते, ऐक. मी सांगत गेले, ती लिहून घेत गेली. तिच्या घरी पोचले तेव्हा दारातच तो वास आला, भाजलेल्या बदामाचा आणि संत्र्याच्या सालीचा, आणि मला खरंच भरून आलं. दुसऱ्याच्या घरात शिरताना नाकाला लागलेला वास माझ्या वाटणीचाही आहे, असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर केकचं भांडं तसंच पडलं होतं, धुवायचं राहिलेलं. त्याच्या आतल्या अंगाला पांढरा पातळ थर होता. खाली तेलाने पिवळसर झालेला, वरच्या काठाशी अगदी कोरडा, बोट लावलं तर उडेल असा. शेजारी मैद्याचा डबा, झाकण नीट न लागलेलं.

केक चिकटू नये म्हणून तिने भांड्याला आतून तेल लावून मैदा भुरभुरवला होता. लोणी लावायचं नाही हे तिच्या आठवणीत राहिलं होतं. मैदा मात्र तिच्या लेखी तिने घातलाच नव्हता. वीस-पंचवीस वर्षं तिचा हात भांडं पुसतो, तेल फिरवतो, चिमूटभर मैदा टाकून भांडं कलतं करून गोल गोल आपटतो. असा हात डोक्याला विचारायला थांबत नाही. मी पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभी राहिले. बाहेरून तिची हाक आली, "अगं, ये ना, कापायचाय!" मी गेले. सुरी फिरली, तुकडा बशीत आला, ती म्हणाली, "आधी तू." मी घास घेतला. केक फार सुंदर झाला होता. मी तसं म्हटलंही, आणि ते खोटं नव्हतं. आग्रह झाला तेव्हा दुसरा तुकडाही घेतला.

तिला मी काहीच सांगितलं नाही.

पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. दोन-तीन तासांत पोटात पीळ पडायला सुरुवात झाली, रात्रभर न्हाणीघराच्या फेऱ्या झाल्या, आणि सकाळी उठले तर डोक्यात धुकं भरलेलं. पोट निदान दुखतं तरी, ते कळतं. या धुक्याचं काय सांगायचं! चहाचं आधण ठेवलंय हे विसरायला होतं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातून निसटते, बोटांचे सांधे ठणकतात. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मी उठून बसले आणि आवाज शक्य तितका मोकळा करून म्हणाले, "अगं, मस्त आहे मी. काही त्रास नाही." ती म्हणाली, "बघ, जमलं की नाही मला!" मी म्हटलं, "जमलं." फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोट चौथ्या दिवशी शांत झालं. ते 'जमलं' मात्र पुढे कितीतरी महिने घशात अडकून होतं.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: भीड. ही भीती नाही, लाज नाही, नुसता संकोचही नाही. समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून आपलं मोडू द्यायचं, ती भीड. भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. लहानपणी मला वाटायचं की ही म्हण पैशाबद्दल असावी: भिडेपोटी उधार दिलं की भीक मागायची वेळ येते. आता वाटतं की ती शरीराबद्दलही तितकीच खरी आहे. इतक्या वर्षांत मला पथ्यापेक्षा जास्त त्रास भिडेने दिला. गहू आणि दूध सुटलं त्याला बरीच वर्षं झाली. भीड अजून पुरती सुटलेली नाही.

निदान व्हायलाच फार वेळ लागला होता. रक्त कमी, लोहाच्या गोळ्या घे. तोंड सारखं येतंय, ब जीवनसत्त्व घे. पोट फुगतं, जेवण चावून खा. थकवा येतो, कामाचा ताण असेल. गोळ्या घेत होते, पण लोह अंगी लागतच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "गहू खाल्ल्यावर काय होतं?" मला उत्तर देता येईना, कारण गहू न खाल्लेला दिवस मला आठवतच नव्हता. रक्ताची तपासणी झाली, ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या द्रव्याविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं तयार केलीत का ते बघणारी. ती भरपूर होती. मग तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढले. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं: एका रेषेवर बोटांसारखे उभे उंचवटे, दाटीने. "निरोगी आतडं आतून असं असतं, मखमलीसारखं. यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सगळं हे उचलतात." त्याखाली दुसरी रेष काढली. जवळजवळ सपाट. "हे तुमचं." बाकी निदानाचे शब्द मी घरी येऊन वाचले: सीलिअ‍ॅक आजार, स्वप्रतिकारक (म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा), आयुष्यभराचा, औषध नाही, फक्त पथ्य. पण मला कळलं ते त्या सपाट रेषेतून. घासून घासून मखमल उडालेलं कापड डोळ्यांसमोर आलं. इतकी वर्षं मी जेवत होते आणि उपाशी होते.

दुधाचं कोडंही त्याच चित्रात होतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर त्या बोटांच्या टोकांशीच असतं. बोटं झिजली की तेही जातं, म्हणून नव्याने निदान झालेल्या पुष्कळांना काही काळ दूध पचत नाही. आतडं भरून आलं की अनेकांचं दूध परत येतं. माझं आलं नाही. दीड वर्षाने मोठ्या आशेने पेलाभर प्यायले, मग लॅक्टोज काढलेलं दूध आणून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. डॉक्टर म्हणाले, दुधातली प्रथिनंही सोसत नसावीत, सोडूनच द्या. गव्हाचं दुःख मी एकदाच रडून संपवलं होतं. दुधाचं दुःख असं हप्त्याहप्त्याने आलं आणि म्हणून जास्त लागलं. चीज खरपूस होताना त्याला येणारे तपकिरी फोड, गरम पावावर वितळून आत मुरणारं लोणी, चहात दूध पडताना तळातून वर उठणारा तो ढग. या गोष्टी मी चवीने आठवत नाही, डोळ्यांनी आठवते.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. पोट बिघडतंय म्हणून कुणी आपल्या मनाने गहू सोडला आणि मग तपासणीला गेलं, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. गहू बंद झाला की प्रतिपिंडं ओसरतात, आतडं भरून यायला लागतं आणि पुरावाच पुसला जातो. आधी तपासणी, मग पथ्य. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. नशिबाने मी गहू सोडलेलाच नव्हता, इतकंच.

मग आईची आठवण येते. आईचं पोट 'नाजूक' होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, जसं कुणाचे डोळे घारे असतात तसं. ती बारीक होती, फिकट होती, दुपारी जेवून उठली की पोटावर हात ठेवून थोडा वेळ खिडकीशी उभी राहायची. पन्नाशीतच तिचं मनगट साध्या ठेच लागण्याने मोडलं होतं. कुणाकडे जेवायला गेलं की वाढलेलं सगळं संपवायची आणि घरी येऊन रात्रभर जागायची. मी विचारायचे, "खाल्लंस कशाला?" ती म्हणायची, "त्यांनी एवढं प्रेमाने केलं, नाही कसं म्हणायचं?" हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं त्यात असतात, आणि एकाला निदान झालं की त्याच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात. माझं निदान झालं तेव्हा आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला हेच होतं असं मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. पण केकचा तो दुसरा तुकडा उचलताना माझ्या हाताची जी हालचाल झाली, ती तिची होती. ती मी चांगली ओळखते.

ग्लूटेन म्हणजे नक्की काय, हे मला भाचीने दाखवलं. तिला शाळेसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. तिने कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळला, थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवला आणि मग नळाच्या बारीक धारेखाली धरून दाबत राहिली. खालचं पाणी दुधासारखं पांढरं होऊन वाहत होतं. तो स्टार्च. दहा मिनिटांनी पाणी निवळलं आणि तिच्या मुठीत जे उरलं ते बघून आम्ही दोघी गप्प झालो. राखाडी-पिवळट, ओला, रबरासारखा गोळा. ओढला की ताणायचा, सोडला की आक्रसायचा, आणि बोटांना सोडत नव्हता. "मावशी, हे तुला त्रास देतं?" मी म्हटलं, "हे." ग्लायडिन आणि ग्लूटेनिन, गव्हातली दोन प्रथिनं. एक पिठाला पसरू देतं, दुसरं त्याला मागे खेचतं, आणि मळताना दोघांचं जाळं विणलं जातं. बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला होता, आणि त्याचा वृत्तान्त १७४५ साली छापला गेला. म्हणजे शत्रू हातात येऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली. तो शत्रू आहे हे कळायला मात्र आणखी दोनशे वर्षं जावी लागली. त्या दुपारी मी ते सगळं नीट बघितलं, आणि भाची गेल्यावर नळाखालचं भांड्यांचं कुंड तीनदा घासलं.

ही मधली दोनशे वर्षं मला फार अस्वस्थ करतात. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरने या आजाराचं जे वर्णन लिहिलं ते आजही वाचावं इतकं नेमकं आहे. हा आजार बरा व्हायचा असेल तर आहारानेच होईल, हेही त्याने ओळखलं होतं. एका मुलाला रोज लिटरभराहून जास्त डच शिंपल्या खायला दिल्या तर तो छान सुधारला, हंगाम संपल्यावर पुन्हा बिघडला आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावलं नाही, अशी नोंद त्याच्या लेखात आहे. त्या मुलाची मला दया येते. आणि त्याच लेखात, पिठूळ पदार्थ कमी द्या असं सांगून झाल्यावर, पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव चालेल असं जीने लिहून ठेवलंय. इतक्या जवळ येऊन! उत्तराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यानेही 'थोडंसं चालेल' म्हटलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून ठेवलं. त्या पातळ, खरपूस पावाने किती मुलं झिजत गेली असतील कुणास ठाऊक.

खरं उत्तर मिळालं ते उपासमारीतून. नेदरलँड्समधला विलेम कारेल डिके हा मुलांचा डॉक्टर. गव्हावर त्याचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, त्या देशाच्या पश्चिम भागात अन्न मिळेनासं झालं. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. हजारो माणसं भुकेने गेली. पाव नाहीसा झाला. आणि त्याच हिवाळ्यात डिकेच्या दवाखान्यातली ही कायम आजारी, पोट फुगलेली, हातापायांच्या काड्या झालेली मुलं सुधारायला लागली. युद्ध सरलं, पाव परत आला आणि मुलं पुन्हा पडली. १९५० साली डिकेने आपला प्रबंध सादर केला. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्याने दाखवून दिलं की दोष पिठातल्या स्टार्चचा नाही, प्रथिनाचा आहे. आज मी जी ताटावर बसते ती त्या हिवाळ्यामुळे. याबद्दल नुसतं कृतज्ञ होता येत नाही मला. सगळं गाव भुकेने कळवळत असताना एखाद्या आईच्या मांडीवरचं मूल पहिल्यांदाच नीट झोपलं असेल. तिला काय वाटलं असेल?

थोडंसं म्हणजे किती, याचं उत्तर आज आकड्यात देता येतं. ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. पावाच्या एका चकतीत ते साधारण २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. आणि रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या चकतीचा चाळिसावा हिस्सा, तीन महिने पोटात गेला तर आतड्याला इजा होते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. चकतीचा चाळिसावा हिस्सा म्हणजे चुरा. टेबल पुसताना तळहातात गोळा होतो ना, तेवढा. लोक विचारतात, "एवढंसं काय होतंय?" त्यांचं चुकत नाही. डोळ्याला ते खरंच 'एवढंसं'च दिसतं.

म्हणून माझं स्वयंपाकघर आधी डोळ्यांनी शिकलं. घरात बाकीचे गहू खातात, त्यांनी का सोडावा? माझी चाळणी वेगळी, कारण जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. माझा लाकडी चमचा आणि चिरायचा पाट वेगळा, कारण लाकडाच्या चिरा सगळं धरून ठेवतात. पाव भाजायचं यंत्र वेगळं. मुरांब्याच्या बरणीवर माझी खूण, कारण पावावरून फिरलेला चमचा बरणीत गेला की बरणी गेली. स्टीलची पातेली, काचेच्या बशा नीट घासल्या की पुरतं, तिथे मी जिवाला घोर लावून घेत नाही. बाहेरून आणलेल्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचते. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. 'माल्ट' म्हणजे बहुतेक वेळा जव, आणि जवही गव्हासारखाच बाधतो. व्हे, केसीन, दुधाची भुकटी ही सगळी दुधाची टोपणनावं. ओट्समध्ये मुळात गहू नाही, पण शेतात आणि गिरणीत तो मिसळतो, म्हणून 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलेच घ्यायचे, आणि तेही सगळ्यांना सोसतात असं नाही. औषधाच्या गोळ्यांत लॅक्टोज भरलेलं असतं, हे मला पाच वर्षांनी कळलं. ते इतकं कमी असतं की बहुतेकांना बाधत नाही, तरी मी आता औषधाच्या दुकानात विचारते. पहिल्या वर्षी हे वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. आता तांदूळ निवडण्यासारखं झालंय, हात चालतो आणि मन दुसरीकडे असतं.

पण पथ्य पाळणं वेगळं आणि पथ्यात सुखाने जगणं वेगळं. पहिली दोन वर्षं मी फक्त बदली शोधत होते. गव्हाच्या पावासारखा पाव, गव्हाच्या बिस्किटासारखं बिस्किट, दुधाच्या चीजसारखं चीज. पाकिटातून जे निघायचं ते भुसभुशीत, गोड आणि उदास. त्यात साखर आणि चरबी जास्त, तंतू कमी, आणि प्रत्येक घास आठवण करून द्यायचा की हे 'ते' नाही. कुणाच्या जागी कुणाला बसवलं की बसणाऱ्याचाही अपमानच होतो. मग कधीतरी लक्षात आलं की जगातलं केवढं तरी अन्न मुळातच गव्हाशिवाय आणि दुधाशिवाय जन्माला आलंय. भात कधी कुणाची बदली नव्हता. भाजलेला बटाटा, फोडल्यावर वाफ सोडणारा, वर मीठ आणि चांगलं तेल. उकडलेली कडधान्यं. अंडी, मासे, मका. ज्वारी आणि इतर भरडधान्यं, राजगिरा. तिळाची घट्ट चटणी, जी हाडांसाठीही खायची, कारण दूध गेलं की कॅल्शियम कुठून येणार हे आपल्यालाच बघावं लागतं. पालकात ते दिसतं भरपूर, पण त्यातलं ऑक्झलेट ते अंगी लागू देत नाही. काट्यांसकट खायचे छोटे मासे, तीळ आणि कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध जास्त भरवशाचं. हाडांची घनता मी ठरल्या वेळी मोजून घेते. आईचं मनगट विसरता येत नाही.

तरी पाव मी सोडला नाही. तो मला हवाच होता. चार वर्षं तो विटेसारखा होत होता. ग्लूटेन नाही म्हणजे जाळं नाही, आणि जाळं नाही म्हणजे हवा धरायला कुणी नाही. मग इसबगोल सापडला. पाण्यात भिजवला की पाच मिनिटांत त्याची थरथरती, पारदर्शक लापशी होते, चमचा उभा राहील इतकी. ती तांदूळ, ज्वारी आणि बटाट्याच्या स्टार्चमध्ये मिसळायची. हे पीठ मळायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली जुन्या सवयीने तळव्याने रेटत बसायचे. ते सैलसर, ओलं, हाताला चिकटणारं असतं. त्याला तसंच राहू द्यायचं, भांड्यात घालून ओल्या हाताने वरून नुसतं गोंजारायचं. फुगायला एकदाच ठेवायचं. भट्टीतून निघाला की गरम असताना कापायचा मोह होतो, कापला की आतून गिचका. तीन तास थांबावं लागतं. ज्या दिवशी मी थांबले त्या दिवशी सुरी कवचातून कर्रकन गेली, आत भोकं होती, लहान लहान, ओळीने नव्हे, खऱ्या पावासारखी इतस्ततः. मी ओट्याशी उभ्यानेच दोन चकत्या तेल-मीठ लावून खाल्ल्या. घरात कुणी नव्हतं. तो माझ्या आयुष्यातला अतिशय सुखाचा अर्धा तास होता.

एकटीने खाताना मी सुखी होते, हे त्या दिवशी मला लख्ख कळलं. आणि दुसऱ्यांबरोबर खाताना अजून नाही, हेही. चारचौघांत जाण्याआधी घरून जेवून जायचं, डबा पिशवीच्या तळाशी ठेवायचा, "मला भूक नाही" म्हणायचं. ही युक्ती मी इतक्या सफाईने शिकले की लोक मला बोलवायचे कमी झाले. माझी अडचण त्यांना होऊ नये म्हणून मी गप्प राहत होते, आणि त्यांना वाटत होतं की हिला आपलं काही गोड लागत नाही. वहीत एकेक गोष्ट लिहून घेणारी ती मैत्रीण पहिली होती जिने हे पुढे होऊन मोडलं. आणि मी तिलाच फसवलं.

सात महिन्यांनी तिचा फोन आला. "अगं, तो केक परत करतेय. तुला बाधला नव्हता ना, म्हणून तोच." मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि खिडकीशी पोटावर हात ठेवून उभी असलेली आई दिसली. मग मी सगळं सांगितलं. ओट्यावरचं भांडं, आतला पांढरा थर, डब्याचं झाकण, तीन दिवस. पलीकडे काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भांड्याला लावलेला मैदा?" मी म्हटलं, "हो." "आणि तो तुला आधीच दिसला होता?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मैदा माझ्याकडून चुकून पडला. पण तू मला खाताना बघू दिलंस. मी तुला आजारी पाडलं आणि वर फोन करून शाबासकी मागितली. तुला काय वाटलं, मला सोसलं नसतं?" मी क्षमा मागितली. तिने 'ठीक आहे' म्हटलं नाही. फोन ठेवला. मला वाटत होतं की खरं सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. इतकी वर्षं लोकांची मनं मी तळहातावरच्या फोडासारखी जपत होते, ती इतकी लेचीपेची असतील असं मी धरूनच चालले होते, आणि त्यात त्यांचा केवढा अपमान होता हे मला कधी सुचलं नव्हतं.

चार दिवस तिचा काही निरोप नव्हता. पाचव्या दिवशी फोनवर एक फोटो आला. नवं कोरं भांडं, आतून कागद लावलेला, कोपऱ्यात कागद नीट दुमडून बसवलेला. शेजारी तांदळाच्या पिठाची बंद पिशवी. खाली लिहिलं होतं: "भांडं नवीन. चमचा स्टीलचा. पण चाळणी जुनीच आहे, मैद्याला वापरलेली. दोनदा गरम पाण्याने धुतली. चालेल का? खरं सांग."

मी 'चालेल' टाइप केलं. अक्षरं पडद्यावर थोडा वेळ तशीच होती. मग ती खोडली आणि लिहिलं, "नाही चालणार. जाळीत पीठ राहतं." पाठवलं आणि फोन उपडा ठेवून ओट्याशी जाऊन उभी राहिले.

फोन वाजला.

"बरं. मग हातानेच गुठळ्या मोडते. रविवारी पाचला ये."